ही नोंद केव्हाची?



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा मी आधी विद्यार्थी होतो आणि नंतर दोन वर्षे याच शाळेत त्यांचा सहकारी. गुरुजी गणित शिकवीत, मी मराठी. पुढे मी महाविद्यालयात गेलो आणि उरलेले आयुष्य जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्यात खर्ची पडले. तेव्हा आज मी संतवाङ्मयावर अथवा इंदूरच्या मराठी परंपरेवर बोलावे, अशी चालकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. मी विषय कळवला तेव्हा दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला जी शांतता पसरली, तीवरून हे माझ्या ध्यानी आले. संगणकात चालू असलेल्या आज्ञावलीची खरी अवस्था आणि तिच्या निरीक्षकाजवळची नोंद यांचा मेळ कसा राखला जातो, हा तो विषय.

या धाडसाची कारणे दोन. माझी कन्या याच क्षेत्रात काम करते. गेल्या पावसाळ्यात दोन महिने मी तिच्याकडे होतो. रोज रात्री तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसत असे आणि न समजलेले न लाजता पुन्हा विचारीत असे. दुसरे कारण असे की, गुरुजींनी मला एकदा एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर तेव्हा मला देता आले नाही. तोच प्रश्न मला कन्येच्या संगणकाच्या पडद्यावर नव्या वेषात भेटला. तो मी शेवटी सांगेन; आधी विषय मांडतो.

भाषेचा माणूस शब्दापासूनच आरंभ करणार. आज्ञावलीतील दोषाला इंग्रजीत 'बग' म्हणतात. बग म्हणजे किडा. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची रीत संगणकापेक्षा जुनी आहे. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रव्यवहारात ती आढळते. पुढे ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-टू या संगणकाच्या एका रिलेमध्ये खरोखरीच एक पतंग अडकलेला सापडला आणि तेथील मंडळींनी तो नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवला. ते पान आजही अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपलेले आहे. आपल्या मराठीत तर याहून गमतीचा योग आहे. लोकरीच्या कपड्यांना आणि पुस्तकांना लागणाऱ्या किड्याला आपण 'कसर' म्हणतो आणि कामात राहिलेल्या उणिवेलाही 'कसर'च म्हणतो. हा दुसरा शब्द अरबीतून आला आहे, व्युत्पत्तीने या दोघांचे नाते नाही; परंतु इंग्रजांना जो श्लेष एका पतंगाच्या मृत्यूनंतर घट्ट करता आला, तो आपल्या शब्दकोशात आधीपासून बसलेला होता.

किडा म्हटला की त्याच्यावरचे औषध आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत टीएक्स-झीरो नावाच्या संगणकासाठी १९६०च्या सुमारास दोष शोधण्याचे जे साधन तयार झाले, त्याचे नाव 'फ्लिट' असे ठेवले गेले. त्यानंतर पीडीपी-वन या संगणकासाठी झालेल्या साधनाचे नाव 'डीडीटी'. माझ्या पिढीला ही दोन्ही नावे घरातली वाटतील. आमच्या बालपणी हिवताप निर्मूलनाचे फवारणीवाले घरोघर येत आणि फवारणी झाली की भिंतीवर तारीख लिहून जात. त्या तारखेचे महत्त्व मला तेव्हा कळले नव्हते. औषध मारले आहे, एवढी नोंद पुरेशी नसते. ते केव्हा मारले हे ठाऊक नसेल तर त्या नोंदीवर विसंबता येत नाही. हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढचे सारे विवेचन या भिंतीवरच्या तारखेभोवती फिरणार आहे.

आता मुख्य गोष्ट. कागदावर लिहिलेली आज्ञावली आणि संगणकात चालू असलेली आज्ञावली यांत नाटकाची संहिता आणि रंगमंचावर रंगलेला प्रयोग यांच्याइतके अंतर आहे. चालत्या आज्ञावलीला 'प्रोसेस' म्हणतात. कोणत्याही क्षणी तिची एक अवस्था असते: ती कोणत्या आज्ञेपाशी आली आहे, प्रोसेसरच्या 'रजिस्टर' नावाच्या मोजक्या कप्प्यांत कोणते आकडे आहेत, मेमरीत काय साठले आहे, आणि कोणकोणती कामे अर्धवट ठेवून ती सध्याच्या कामात शिरली आहे. आजचा प्रोसेसर सेकंदाला अब्जावधी आज्ञा पार पाडतो. म्हणजे ही अवस्था मी 'अवस्था' हा शब्द उच्चारेपर्यंत अब्जावधी वेळा पालटलेली असते.

केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक हा संगणक सुरू झाला. त्यावर काम करणारे स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली आज्ञावलीतील चुकांच्या निदानावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती अशी की, मूळ आज्ञावली थेट चालवावयाचीच नाही. दुसऱ्या आज्ञावलीने तिची एकेक आज्ञा वाचावी, तिची खूण कागदावर छापावी आणि मग ती पार पाडावी. हा निरीक्षक कधीच मागे पडत नसे, कारण त्याच्यावाचून पाऊलच पुढे पडत नसे. मात्र या सोबतीने चाल फार मंदावे.

आजचा निरीक्षक, म्हणजे डीबगर, वेगळ्या रीतीने काम करतो. तो स्वतःच एक स्वतंत्र प्रोसेस असतो. एका प्रोसेसने दुसरीच्या मेमरीत डोकावू नये, असा ऑपरेटिंग सिस्टीमचा निर्बंध असतो. म्हणून त्याला तिची परवानगी काढावी लागते. यूनिक्समध्ये यासाठी 'पीट्रेस' नावाची सोय १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत आली आणि लिनक्समध्ये ती आजही वापरात आहे. या सोयीने डीबगर प्रोसेसला थांबवतो, ती थांबल्याची वार्ता येईपर्यंत वाट पाहतो आणि मग तिची रजिस्टरे व मेमरी वाचतो. 'थांब' म्हणणे आणि 'थांबले' असे ऐकणे या दोहोंमध्ये काळ जातो. त्या दरम्यान वाचलेल्या कशावरही विश्वास ठेवता येत नाही.

प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टीमकडे विचारणा करणे खर्चाचे असते. म्हणून डीबगर एकदा वाचलेले आपल्याजवळ लिहून ठेवतो. येथेच धोका सुरू होतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला 'जीडीबी' हा डीबगर आजही जगभर वापरला जातो. प्रोसेसला पुढे चालण्याची अनुज्ञा देताना तो आपल्याजवळची रजिस्टरांची नक्कल निकालात काढतो. मी कन्येला विचारले, ''अगं, एकच आज्ञा तर पुढे सरकणार आहे. नव्याण्णव गोष्टी तशाच राहतील. सगळे कशाला पुसायचे?'' ती म्हणाली, ''बाबा, कोणत्या नव्याण्णव राहिल्या, हे पुन्हा पाहिल्याशिवाय कसं कळणार?'' यावर मजजवळ उत्तर नव्हते.

आता प्रोसेस हव्या त्या ठिकाणी थांबवतात कशी, ते पाहू. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर डीबगर त्या ठिकाणच्या आज्ञेचा पहिला बाइट उचलून स्वतःजवळ ठेवतो आणि त्या जागी २०४ हा आकडा लिहितो. संगणकाच्या षोडशमान लेखनात तो 'सीसी' असा दिसतो. या आकड्याचा प्रोसेसरच्या भाषेतील अर्थ 'येथे थांबून वर्दी दे' असा आहे. यालाच 'ब्रेकपॉइंट' म्हणतात. म्हणजे निरीक्षकाने निरीक्षणासाठी मूळ संहितेतले एक अक्षर बदलले आहे! वापरणाऱ्याने त्या ठिकाणची मेमरी दाखव म्हटले, तर डीबगर स्वतःची खूण झाकून मूळ अक्षरच दाखवतो.

प्रोसेस त्या खुणेवर येऊन थांबते तेव्हा तिचे पाऊल एक बाइट पुढे पडलेले असते, कारण ती खूण हीच एक आज्ञा म्हणून पार पडलेली असते. डीबगरला तिचे पाऊल एक बाइट मागे आणावे लागते. न आणले तर ती पुढे चालू लागताच मूळ आज्ञेच्या मध्यापासून वाचू लागेल आणि भलताच अर्थ लावील. पुढे जाऊ देताना तो मूळ अक्षर परत बसवतो, प्रोसेसला नेमके एक पाऊल टाकू देतो, खूण पुन्हा उमटवतो आणि मगच तिला मोकळी सोडतो. वापरणाऱ्याला हे काहीच दिसत नाही.

परंतु आजची प्रोसेस एकटी नसते. तिच्या पोटात अनेक 'थ्रेड' एकाच संहितेवरून एकाच वेळी चालत असतात. एका थ्रेडला पुढे जाता यावे म्हणून खूण क्षणभर पुसली, आणि नेमक्या त्याच क्षणी दुसरा थ्रेड तेथून निघून गेला, तर तो न थांबता जातो. डीबगर म्हणतो, येथून कोणी गेले नाही. आणि ते खोटे असते. म्हणून त्या एका पावलापुरते इतर सर्व थ्रेड थांबवून धरावे लागतात. किंवा खूण न पुसता मूळ आज्ञेची नक्कल दुसऱ्या मोकळ्या जागी नेऊन तेथे ती पार पाडावी लागते आणि मग थ्रेडला मूळ वाटेवर परत आणावे लागते.

पोथ्यांत आयुष्य घालवलेल्या मला जी गोष्ट सर्वांत ओळखीची वाटली, ती प्रोसेसच्या दुभंगण्याची. यूनिक्समध्ये प्रोसेस स्वतःची हुबेहूब प्रत काढू शकते. त्या नव्या प्रतीला अपत्य-प्रोसेस म्हणतात. प्रत हुबेहूब म्हणजे डीबगरने उमटवलेल्या खुणांसकट. डीबगर त्या अपत्याकडे लक्ष ठेवणार नसेल, तर त्याने आपल्या खुणा त्यातून आधी पुसल्या पाहिजेत. न पुसल्यास अपत्य त्या खुणेवर येते, वर्दी देते, ती ऐकणारे कोणीच नसते आणि ते तेथेच मरते. मूळ संहितेत त्याचा काहीही दोष नसतो. हस्तलिखितांत असेच घडते. कोणी वाचक समासात आपली टीप लिहितो, पुढचा नकलाकार ती मूळ ग्रंथातलीच समजून ओळीत घेतो आणि मग शतकानुशतके ती ग्रंथकर्त्याच्या माथी बसते. तिला आम्ही प्रक्षेप म्हणतो. समासातील टीप लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण आपण कोठे काय लिहिले, याचा हिशेब त्याने ठेवलेला नसतो.

प्रोसेसची संहितादेखील स्थिर नसते. चालता चालता ती बाहेरच्या 'लायब्ररी', म्हणजे सामायिक आज्ञांचे संच, आपल्यात घेते आणि काही सोडूनही देते. डीबगरला हे कळावे म्हणून लिनक्समध्ये, व इतर काही यूनिक्सवंशीय व्यवस्थांमध्ये, एक सुंदर व्यवहार ठरलेला आहे. हे संच जोडणारा घटक त्यांची यादी राखतो आणि तीवर एक शेरा ठेवतो: भर घालणे चालू आहे, वगळणे चालू आहे, अथवा यादी सुसंगत आहे. शेरा बदलला की तो एका ठराविक कार्याला हाक मारतो. ते कार्य रिकामे असते. त्यात करण्यासारखे काही नाही. डीबगरला तेथे आपली खूण ठेवता यावी, एवढ्यासाठीच ते आहे. 'आता माझ्या यादीवर विश्वास ठेवू नका' आणि 'आता ठेवा' असे दोन्ही सांगणारी यादी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. आपल्या संस्थांच्या सभासदयाद्यांना असा शेरा असता, तर किती वाद टळले असते!

आणि मृत्यू. थांबवून ठेवलेली प्रोसेस डीबगरच्या ताब्यात आहे असे आपण मानतो. परंतु अंतिम आदेशाचा सिग्नल बाहेरून आला तर ती थांबलेल्या स्थितीतही संपते. डीबगरच्या पडद्यावर मात्र तिची रजिस्टरे, तिची मेमरी, तिची अर्धवट कामे मांडून ठेवलेलीच असतात. पुढचा प्रश्न विचारला की ऑपरेटिंग सिस्टीम उत्तर देते: अशी प्रोसेस नाही. म्हणून चांगल्या डीबगरच्या लेखकाला प्रत्येक विचारणेच्या वेळी हे उत्तर येऊ शकते असे धरूनच लिहावे लागते.

येथे एक शंका कोणीही काढील. थांबवले की खरे कळते हे मान्य. पण थांबवण्यानेच दोष नाहीसा झाला तर? असे होते. दोन थ्रेडांच्या शर्यतीतून उपजलेला दोष एकाला रोखून धरताच दिसेनासा होतो. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या नावावर कोटी करून अशा दोषाला 'हायझेनबग' म्हणतात.

आणि प्रोसेस थांबवणेच शक्य नसेल तर? मार्स पाथफाइंडर हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक स्वतःहून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागला. पृथ्वीवरून संदेश पोहोचण्यासच कित्येक मिनिटे लागत. तेव्हा पडद्यावर दिसणारी प्रत्येक अवस्था केव्हाच भूतकाळात जमा झालेली असे. अभियंत्यांनी मग कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत यानाच्या जुळ्या प्रतिकृतीवर तीच आज्ञावली चालवली, घडणाऱ्या घटनांची क्रमवार नोंद चालू ठेवली आणि तोच बिघाड तेथे घडेपर्यंत धीर धरला. कारण असे निघाले: कमी महत्त्वाचे एक काम सामायिक कुलूप धरून असताना मधल्या महत्त्वाची कामे त्याला खोळंबवीत, त्यामुळे सर्वांत महत्त्वाचे काम कुलपाची वाट पाहत राही आणि ते वेळेत झाले नाही असे पाहून देखरेखीची यंत्रणा संगणक नव्याने सुरू करी. कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याचे महत्त्व तेवढ्यापुरते बहाल करावे, असा बदल पाठवला गेला आणि बिघाड थांबला. अलीकडची एक युक्ती याच दिशेने पुढे गेली आहे. मोझिला संस्थेत तयार होऊन २०१४ साली खुले झालेले 'आरआर' हे साधन प्रोसेसला बाहेरून मिळालेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवते आणि नंतर तीच धाव जशीच्या तशी पुन्हा घडवते. मग त्या धावेत मागेही जाता येते. तेथे प्रत्येक नोंदीला तिचा क्षण बांधलेला असतो.

मित्रहो, आता गुरुजींचा प्रश्न.

पन्नासएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी या शाळेत नवा होतो. वार्षिक निकालाची बैठक होती. आठवीतील एका मुलापाशी आम्ही आलो. मी माझी वही उघडली आणि वाचले: 'लेखन अत्यंत सदोष. सुधारणेची आशा नाही.' अक्षर माझेच, भाषा ठाम. गुरुजींनी चष्मा काढून विचारले, ''अरे, ही नोंद केव्हाची?'' मी पाने चाळली. नोंद सहामाही परीक्षेची होती. गुरुजी म्हणाले, ''त्यानंतर तू त्याला एकदा तरी फळ्याशी बोलावलंस का?''

मी बोलावले नव्हते. सहा महिने तो मुलगा माझ्यासमोर बसत होता आणि मी त्याच्याकडे न पाहता वहीकडे पाहत होतो. त्याला मी मागच्या बाकावर बसवले होते, तेही त्या नोंदीवरूनच. म्हणजे नोंद नुसती शिळी नव्हती. तिने त्या मुलाच्या वाटेत एक खूण उमटवली होती आणि ती पुसण्याचे माझ्या ध्यानातही आले नव्हते. गुरुजींच्या शब्दावर त्याला वर चढवले गेले. परंतु जून महिन्यात तो शाळेत आला नाही. मी त्याच्या घराकडे गेलो, तेव्हा कुटुंब गाव सोडून गेले होते. त्याचे लेखन खरोखर कसे होते, हे आता मला कधीही कळणार नाही. माझ्या वहीत तो आजही आठवीत आहे.

कन्येच्या पडद्यावर जेव्हा मी संपलेल्या प्रोसेसची अवस्था तशीच मांडलेली पाहिली, तेव्हा मला ती वही आठवली. डीबगर हे निर्जीव साधन. पण ज्यांनी ते रचले त्यांनी एक शिस्त त्यात घातली आहे. समोरचा एक पाऊल जरी पुढे गेला तरी आपली नक्कल रद्द समजावी. आपण उमटवलेल्या खुणांचा हिशेब ठेवावा आणि निघताना त्या पुसाव्यात. आणि समोरचा आता तेथे नाही, हे उत्तरही ऐकण्याची तयारी असावी. माणूस ही प्रोसेस नव्हे, त्याला थांबवून वाचता येत नाही, म्हणून ही शिस्त आपल्याला अधिकच लागू पडते.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे की, शेरा जरूर लिहावा, शेऱ्यावाचून शाळा चालत नाही. मात्र त्याखाली तारीख घालावी आणि तो मोठ्याने वाचण्यापूर्वी मुलाला एकदा फळ्याशी बोलवावे. विद्यार्थ्यांपैकी जे कोणी उद्या संगणकाच्या क्षेत्रात जातील, त्यांनी हा प्रश्न गुरुजींचा म्हणून सोबत न्यावा.